टोळी निघायला सात आठवडे आणि बाळाचा पाय वळलेला

प्रश्न : आमचं गाव बीड जिल्ह्यात आहे. बहिणीला तीन आठवड्यांपूर्वी मुलगा झाला. त्याचा उजवा पाय जन्मापासून आत वळलेला आहे, तळवा दुसऱ्या पायाकडे बघतो. जिल्हा रुग्णालयात सांगितलं की क्लबफूट आहे, दर आठवड्याला प्लॅस्टर बदलावं लागेल, मग बूट. पण बहीण-भाऊजी ऊसतोडीला जातात. उचल घेऊन झाली आहे, टोळी दिवाळीनंतर निघते, म्हणजे हातात सात आठवडे. बहिणीच्या सासूबाई म्हणतात, पाडव्याला परत आलो की बघू. शेजारच्या गावातला हाडवैद्य मालिशने सरळ करतो म्हणतो. वर ग्रहणात विळी हातात घेतलीस म्हणून असं झालं, हे बहीण रोज ऐकते. काय करावं? – बाळाचा मामा

उत्तर : पाडव्यापर्यंत थांबू नका. सात आठवड्यांत हे बसवता येतं, पण दिवस मोजून आखावं लागेल आणि पहिलं प्लॅस्टर याच आठवड्यात चढावं लागेल.

आधी ग्रहणाचं संपवू. क्लबफूट हजारात एखाद्या बाळाला होतो, मुलग्यांत मुलींच्या साधारण दुप्पट. ज्या देशांत ग्रहण पाळत नाहीत, तिथेही अशी बाळं जन्मतात. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. आनुवंशिकतेचा काही वाटा आहे, म्हणून एका मुलाला असेल तर पुढच्या भावंडाला होण्याची शक्यता शंभरात तीन-चार इतकी असते. विळी, पपई, झोपायची कूस, यांतलं काहीही यात येत नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा प्लॅस्टरच्या दिवशी त्यांनाच सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा. दवाखान्यात ऐकलेलं घरी टिकतं. शिवाय पुढे बूट घालायचं काम बऱ्याचदा आजीवरच येतं, म्हणून त्या सुरुवातीपासून सोबत असलेल्या बऱ्या.

आता हाडवैद्य. बाळाच्या पायात हाड मोडलेलं नसतं की निसटलेलं नसतं. पायाच्या आतल्या आणि मागच्या बाजूचे बंध आखडलेले असतात, आणि लहान हाडं त्या ओढीत आत फिरलेली असतात. मालिशने बंध थोडे ताणले जातात खरे, पण हात सुटला की काही तासांत पाय मूळ जागी जातो. ताणलेलं धरून ठेवायला प्लॅस्टरच लागतं. मालिश नुसती निरुपयोगी असती तर एवढं लिहिलं नसतं. खरा धोका पाय जोराने वर दाबण्यात आहे. टाच आखडलेली असते, त्यामुळे ती वर येत नाही. पाय मधूनच मोडतो आणि तळवा होडीच्या बुडासारखा फुगीर होतो. तो दुरुस्त करणं मूळ क्लबफूटपेक्षा कितीतरी अवघड. तान्ह्या बाळाची नडगी दाबताना मोडल्याचीही उदाहरणं आहेत.

जी पद्धत तुम्हाला सुचवली आहे, ती पोन्सेटी पद्धत. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस ती बसवली. तोवर मोठी शस्त्रक्रिया करून पाय सरळ करायचे. तो दिसायला सरळ राही, पण वयात आल्यावर ताठर आणि दुखरा होई. पोन्सेटीत ऑपरेशन थिएटर जवळजवळ लागतच नाही. प्लॅस्टरचे रोल, कापूस आणि शिकलेले दोन हात लागतात. म्हणूनच ही पद्धत गरीब देशांना फळली. अशी बहुतेक बाळं तिथेच जन्मतात आणि अस्थिरोगतज्ज्ञ तिथेच कमी असतात. आफ्रिकेतल्या मलावीत तर डॉक्टर नसलेले, पण खास प्रशिक्षण घेतलेले क्लिनिकल ऑफिसर ही प्लॅस्टरं घालतात आणि पाय चांगले सुधारतात. भारतात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. हजारी एक धरलं तरी वीस हजारांवर पाय-वळलेली बाळं झाली. त्यांतल्या प्रत्येकाला आठवड्याच्या वारी मोठं शहर गाठणं परवडणार नाही, हे उघड आहे. आमच्या मते आपल्याकडे बिघाड प्लॅस्टरमध्ये होत नाही. तो होतो एसटीचं भाडं, बुडालेला रोज आणि टोळीची तारीख यांत.

तारखेचाच हिशोब मांडू. नेहमीच्या पद्धतीत दर सात दिवसांनी प्लॅस्टर बदलतात, साधारण पाच-सहा प्लॅस्टरं होतात. पुढे बहुतेक बाळांची टाचेमागची नस (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारा जाड बंध) कापावी लागते आणि त्यावर शेवटचं प्लॅस्टर तीन आठवडे राहतं. म्हणजे आठ-नऊ आठवडे. तुमच्याकडे सात. इथे एक गोष्ट उपयोगी पडते. प्लॅस्टर सात दिवसांनीच बदलायला हवं असा नियम नाही. पाच दिवसांनी बदललं तरी निकाल तसाच येतो. मलावीत ब्लँटायरला आठवड्यातून तीनदा बदलून चाचणी झाली, ती 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. पाय सुधारण्यात फरक पडला नाही आणि प्लॅस्टरचे दिवस मात्र निम्म्याहून कमी झाले. तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘आम्हाला कामावर जायचंय, आठवड्यातून दोनदा प्लॅस्टर बदलून द्याल का?’

समजा, सोमवार-गुरुवार ठरले. पहिलं प्लॅस्टर सोमवारी. मग 3ऱ्या, 7व्या, 10व्या, 14व्या दिवशी नवी. 17व्या दिवशी पाय पुरेसा बाहेर वळला असेल तर टाचेची नस कापून शेवटचं प्लॅस्टर. त्याचे 21 दिवस धरले की 38व्या दिवशी प्लॅस्टर निघून त्याच दिवशी बूट चढतात. टोळी निघायला अकरा दिवस उरतात, आणि बुटांची सवय लावायला ते हवेतच. हे 21 दिवस मात्र कोणी कमी करून मागू नका. कापलेली नस तेवढ्या काळात लांब होऊन जुळते. प्लॅस्टर आधी काढलं तर ती आखूड जुळते आणि टाच पुन्हा वर जाते.

पाय जास्त कडक असेल तर एक-दोन प्लॅस्टरं वाढतील आणि हिशोब कोलमडेल. त्याची तयारी आजच ठेवा. भाऊजींनी अर्धा कोयता म्हणून, म्हणजे जोडीशिवाय एकट्याने, पुढे जायचं आणि बहिणीने बाळाचं संपवून दोन-तीन आठवड्यांनी जायचं, हे मुकादमाशी आत्ताच बोलून घ्या. निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं की त्याचा खाडा धरतात आणि भांडण होतं. एवढंही शक्य नसेल तर बाळ आणि आई मागे राहतील आणि मामा-मावशीपैकी कोणी सोबत जाईल का, याचा विचार घरात करा.

एक गोष्ट अजिबात करू नका. पायात प्लॅस्टर आणि ते काढायची तारीख ठरलेली नाही, अशा अवस्थेत बाळाला फडावर नेऊ नका. तान्हं बाळ महिन्याला वाढतं. प्लॅस्टर वाढत नाही. आत जखमा होतात, कळतही नाहीत. जायचंच असेल तर प्लॅस्टर काढून जा. मिळालेली सुधारणा थोडी मागे जाईल, पण पाय शाबूत राहील आणि पुन्हा सुरुवात करता येईल.

दवाखान्यात कुठे जायचं? जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी, चौकशी करून शोधा. हा कार्यक्रम 2013 मध्ये पालघरमधून सुरू झाला आणि क्लबफूट त्याच्या यादीत आहे, उपचाराला पैसे लागू नयेत. क्लबफूटचा ठरलेला वार असतो, तो आधी विचारा, नाहीतर हेलपाटा होतो. आशाताईंना सोबत घ्या, बाळाला नेण्यासाठी 102 ची गाडी मिळते का तेही त्यांनाच विचारा. एसटीत बहिणीला अर्धं तिकीट आहे. पहिल्या भेटीत डॉक्टरांना कंबरेचे सांधे आणि पाठीचा कणाही बघायला सांगा. मांडी पसरताना खुब्यात खट्ट होणं, पाठीवर खड्डा किंवा केसांचा झुबका दिसणं, हाताचे सांधेही ताठ असणं, यांतलं काही असेल तर उपचाराचा मार्ग बदलतो.

प्लॅस्टर कसं असावं हे माहीत असू द्या. ते मांडीच्या वरपर्यंत, गुडघा काटकोनात वाकवून घातलेलं हवं. गुडघ्याखालीच थांबलं तर ते निसटतं आणि पाय आत फिरायचा थांबत नाही. दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. आधी तळव्याची खोल कमान सपाट करतात, मग पाय हळूहळू बाहेर वळवतात, टाच सर्वांत शेवटी. पहिल्या प्लॅस्टरनंतर पाय ‘अजून वाकडाच’ दिसतो म्हणून घाबरू नका. पहिल्या वेळी तसाच दिसायला हवा. बाहेर वळवताना अंगठा घोट्यासमोरच्या हाडावर, बाहेरच्या बाजूने टेकवलेला असतो. तो टाचेजवळ टेकवला तर पाय पुढे सरकतच नाही. पाच-सहा प्लॅस्टरं होऊनही फरक नसेल तर बहुधा ही चूक असते, आणि मग दुसऱ्या हाताचा सल्ला घ्यायला हरकत नाही.

घरी पहिले बारा तास दर तासाला, नंतर दिवसातून चारदा पायाची बोटं बघा. बोट हलकं दाबलं की पांढरं पडतं आणि सोडल्यावर लगेच, दोन-तीन सेकंदांत, पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी, काळसर, गार किंवा फुगलेली दिसली, किंवा बाळ समजूत घालूनही तासन्‌तास रडत असेल, तर प्लॅस्टर उशिरा नाही, त्याच दिवशी काढायचं. दुसरी खूण जास्त वेळा दिसते आणि लोक ती दुर्लक्षतात. पहिल्या दिवशी पाचही बोटं बाहेर दिसत होती आणि आता ती आत गेली, तर प्लॅस्टर घसरलं. घसरलेलं प्लॅस्टर पाय सरळ न करता घासून जखम करतं. म्हणून प्लॅस्टर घातल्यावर मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, मग शंका राहत नाही. वास येऊ लागला, डाग पसरला, ताप आला, तरी लगेच जा.

प्लॅस्टर वाळायला साधारण एक दिवस लागतो. तोवर पाय कडक पाटावर ठेवू नका, खाली मऊ घडी ठेवून टाच अधांतरी राहू द्या. लंगोट प्लॅस्टरच्या काठाच्या वर बांधा. आंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने पुसणं. आत खाज सुटते म्हणून काडी घालू नका. प्लॅस्टर काढायचं ते दवाखान्यात, नवीन घालायच्या थोडं आधी. पाण्यात भिजवून उलगडता येतं, पण आदल्या रात्री घरी काढलं तर सकाळपर्यंत पाय मागे वळतो आणि मागच्या प्लॅस्टरची मेहनत वाया जाते. बाळाला भुकेलं न्या आणि प्लॅस्टर घालताना दूध पाजा. शांत बाळाचा पाय सैल पडतो, रडणाऱ्याचा ताठतो.

लसीकरणाचा प्रश्न तुमच्या बाळाला नक्की येणार. सहा आठवड्यांची लस साधारण टाचेची नस कापायच्या दिवसांतच येते, आणि त्यातली काही इंजेक्शनं मांडीत देतात. प्लॅस्टर मांडीभर असतं. ती शेवटचं प्लॅस्टर घालण्याआधीच, प्लॅस्टर बदलायच्या दिवशी द्यावी का, हे डॉक्टर आणि परिचारिकेला आधीच विचारा. प्लॅस्टर आहे म्हणून लस चुकवू नका.

‘नस कापणे’ ऐकून घरचे घाबरतील. ही पाच-दहा मिनिटांची गोष्ट आहे. टाचेमागे भूल देणारं इंजेक्शन, बारीक पात्याचं एक टोचल्यासारखं छिद्र, टाका बहुतेकदा लागत नाही. शंभरातल्या ऐंशी-नव्वद बाळांना हे करावं लागतं, ते उपचार फसल्याचं लक्षण नव्हे. प्लॅस्टरवर नाण्याएवढा रक्ताचा डाग येऊ शकतो.

इथपर्यंत सगळे नेटाने करतात. पाय छान सरळ दिसतो आणि घरात ‘झालं’ असं ठरतं. खरं बिघडतं यापुढे. बूट म्हणजे दोन बूट आणि त्यांना जोडणारी पट्टी. पहिले तीन महिने दिवसातून 23 तास, एक तास आंघोळीचा. नंतर चार वर्षांचा होईपर्यंत झोपेत, 12 ते 14 तास. जे नीट घालतात त्यांच्यात पाय पुन्हा वळण्याचं प्रमाण अगदी कमी. जे सोडून देतात त्यांच्यातल्या बहुतेकांचा पाय वळतो. कारण आखडण्याची प्रवृत्ती बाळासोबत वाढत असते आणि पायाच्या वाढीचा वेग पहिल्या वर्षांत सर्वांत जास्त.

बूट हातात आल्यावर तिथेच तपासा. पट्टीची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीइतकी हवी. वळलेल्या उजव्या पायाचा बूट 60 ते 70 अंश बाहेर, चांगल्या डाव्याचा 30 ते 40. पट्टी किंचित वाकलेली असते, त्याने पंजा वर उचलला जातो. ती कोणी ‘सरळ’ करू नये. नट ढिले होतात, पाना घरात ठेवा. स्वस्त, कातडी बुटांची स्टीनबीक पट्टी अनेक ठिकाणी वापरतात. तिचा नमुना युगांडात कंपालाजवळ बसला, स्थानिक चामडं आणि लोखंड वापरून बनवता येईल असा. ती पाण्यात बुडवून धुवू नका, चामडं कडक होऊन टाच घासतं. फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, उंदीर चामडं कुरतडतात, काढल्यावर टांगून ठेवा.

घालताना आधी टाच खाली बसवा, मग मधला पट्टा आवळा, नाडी शेवटी. कठीण पाय आधी. सुती मोजा, शिवण बोटांवर येणार नाही असा. बूट घालून झाल्यावर पाय पुढे-मागे ओढून बघा. बोटं बुटात सरकत असतील तर टाच बसलेली नाही, पुन्हा घाला. बोटं कुठपर्यंत यायला हवीत, ती रेघ बुटाच्या आतल्या तळावर पेनने ओढून ठेवा. काही बुटांना टाचेपाशी छोटं भोक असतं, त्यातून टाच दिसते का बघा. टाचेवर लाल चट्टा किंवा फोड म्हणजे बूट सैल होता आणि पाय सरकत होता. त्यावर तेल-मलम लावू नका आणि बूट सैल करू नका. उलट नीट आवळा. कातडी फुटली तर मात्र दाखवा.

पहिले दोन-तीन दिवस बाळ रडेल. दुखतं म्हणून नव्हे, पाय वेगवेगळे हलत नाहीत म्हणून. दोन्ही गुडघे पट्टीसकट एकत्र वाकवा आणि सरळ करा, खेळवत शिकवा. रडल्यावर एकदा काढला की बाळाला मार्ग सापडतो, हे सासूबाईंना विशेष सांगा. टोळी निघण्याआधीचे अकरा दिवस याच्यासाठीच राखले आहेत. फडावर पोचून नवीन सवय लावायला कोणाला वेळ नसतो.

फडावरचं आताच ठरवा. पहिले तीन महिने हंगामातच जातील. झोळीत पट्टी आडवी अडकते, कापड रुंद घ्या. बूट काढायची एकच वेळ, आंघोळीची, आणि ती आईच्याच हाताने. दिवसा सांभाळणारी मोठी बहीण असेल तर तिला बूट काढायची परवानगी नको; लाल चट्टा कसा दिसतो तेवढं तिला दाखवा. तीन महिन्यांनंतर रात्रीचे तास आले की संध्याकाळी सहाला घाला, सकाळी आठला काढा, चौदा तास होतात. आई पहाटे उसाला गेली तरी बाळ बूट घालूनच झोपलेलं असतं.

निघताना उपचाराच्या कागदांचे मोबाईलवर फोटो, जादा नाड्या, चार मोजे आणि शक्य असल्यास पुढच्या मापाचे बूट आधीच मागून घ्या. बोटं बुटाच्या काठावरून पूर्ण बाहेर आली की माप बदलतं, आणि या वयात ते हंगामातच होईल. कारखाना सांगली-कोल्हापूरकडे असेल तर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. क्लबफूटचा वार फोन करून विचारा. बूट लागल्यावर पहिली तपासणी दोन आठवड्यांत, दुसरी तीन महिन्यांनी, मग दर चार महिन्यांनी. पहिल्या तपासणीसाठीच ते दोन आठवडे गावी थांबता आलं तर उत्तम.

आणि बूट कालपर्यंत बसत होता, आज टाच खाली जात नाही, असं झालं तर बूट लहान झाला असं समजून सोडू नका. पाय पुन्हा वळू लागल्याची ती सर्वांत पहिली खूण असते. त्या वेळी दोन-तीन प्लॅस्टरांत काम भागतं. चालायला लागल्यावर टाच टेकत नाही किंवा पायाच्या बाहेरच्या काठावर भार येतो, हे त्याच्या पुढचं. अगदी तीन-चार वर्षांनी लक्षात आलं तरी प्लॅस्टर आणि गरज पडल्यास एक स्नायूबंध हलवण्याची छोटी शस्त्रक्रिया करून पाय वाचवता येतो, तेव्हा उशीर झाला म्हणून कोणी परत फिरू नये. पण तुमचं बाळ तीन आठवड्यांचं आहे. उद्या आशाताईंकडे जा आणि क्लबफूटचा वार कोणता ते विचारून घ्या.